घोषणा मराठीत, ऐकायला कुणीच नाही

विमानात मराठीतून घोषणा झाल्याच पाहिजेत, अशी मागणी अधूनमधून कुणीतरी करतं. मग दोन दिवस चर्चा, तीन दिवस भांडणं आणि चौथ्या दिवशी सगळे आपापल्या डेडलाइनकडे परत. मला या मागणीचा कंटाळा आलाय. विरोध नाही बरं का, कंटाळा. कारण समजा उद्या ती पूर्ण झाली, तर होणार काय? कुणीतरी गोड आवाजाची बाई स्टुडिओत जाऊन तीन मिनिटांचं शुद्ध मराठी रेकॉर्ड करून येईल, 'प्रवासीमित्रहो, आपापल्या आसनांचे पट्टे' वगैरे, आणि बटण दाबलं की ते वाजेल. आपण कृतकृत्य होऊन फोटो टाकू. आणि मग तेवीस-सी वरच्या आजी म्हणतील, "अगं पोरी, मला कसंतरीच होतंय गं.." आणि ती पोरगी हसून त्यांना पाण्याची बाटली देईल.

कारण टेपला मराठी येतं, पोरीला येत नाही.

घोषणा म्हणजे भाषा नव्हे. एवढंच मला आज म्हणायचंय, बाकीचं नुसतं स्पष्टीकरण आहे. समोरचा माणूस उलट काहीतरी बोलतो तिथून भाषा सुरू होते. डिसेंबर २०१८ मध्ये, सुरेश प्रभू नागरी विमान वाहतूक मंत्री असताना, विमानतळांवर आधी स्थानिक भाषेत, मग हिंदीत आणि मग इंग्रजीत घोषणा करा असा आदेश निघाला होता. चांगलं झालं. पण तो आदेश भोंग्यांना होता, माणसांना नव्हता. भोंग्याला प्रश्न विचारता येत नाही.

आता सप्टेंबर २०२२ मधली एक गोष्ट. तुमच्यापैकी काहींनी तेव्हा वाचली असेल. विजयवाडा ते हैदराबाद विमान. म्हणजे तेलुगू मुलखातून उडून तेलुगू मुलखात उतरणारं. आपत्कालीन दरवाज्याशेजारच्या सीटवर एक तेलुगू बाई बसल्या होत्या, त्यांना इंग्रजी-हिंदी समजत नव्हतं. त्यांना तिथून उठवून दुसरीकडे बसवलं. एका सहप्रवाशाने हे ट्विट केलं, तेलंगणाचे तेव्हाचे मंत्री के. टी. रामाराव यांनी ते उचलून धरलं, आणि मग नेहमीप्रमाणे हिंदीवादी, इंग्रजीवादी, प्रांतवादी असे सगळे आखाड्यात उतरले.

त्या गदारोळात एक गोष्ट फार कमी जणांनी म्हटली. नियमाप्रमाणे क्रूचं बरोबरच होतं. त्या दरवाज्याशी बसणाऱ्याला वेळ पडली तर दरवाजा उघडावा लागतो, म्हणून त्याला क्रूच्या सूचना कळल्याच पाहिजेत, असा नियम आहे आणि तो शहाणपणाचा आहे. अमेरिकेतही तसाच आहे. मला राग त्या मुलीचा नाही, नियमाचाही नाही. राग येतो तो नियम एकाच बाजूने वाचला जातो याचा. 'प्रवाशाला क्रूचं समजलं पाहिजे' हे वाक्य उलटं करून बघा: 'क्रूला प्रवाशाला समजेल असं सांगता आलं पाहिजे'. अंतर तेवढंच आहे, फक्त चालायचं कुणी हा प्रश्न आहे. विजयवाडा-हैदराबाद मार्गावर कंपनी दिवसाला अनेकदा जाते-येते, त्या बाई कदाचित आयुष्यात दुसऱ्यांदा विमानात बसल्या असतील. तरी चालायला लागलं बाईंनाच. उठून, पर्स घेऊन, दुसऱ्या रांगेत.

आणि हे प्रवासी आता वाढतच जाणार आहेत. एप्रिल २०१७ मध्ये उडान योजनेची पहिली विमानं सुटली त्यात आपलं नांदेड-हैदराबादही होतं. हवाई चप्पल घालणारा माणूस विमानात दिसला पाहिजे, अशी त्यामागची जाहीर भूमिका होती. छान. चप्पलवाला आला. आता तो बोलणार कुणाशी?

आपल्या भाषेने या कामाला दिलेला शब्दच बघा ना. हवाई सुंदरी! शब्द ज्याने कुणी पाडला असेल त्याला काय अपेक्षित होतं ते स्पष्ट आहे. १९३० साली अमेरिकेत पहिल्यांदा बायकांना या कामावर घेतलं तेव्हा अट होती नोंदणीकृत नर्स असण्याची. म्हणजे कामाची सुरुवात झाली ती 'काय होतंय तुम्हाला?' हे विचारून उत्तर समजून घेणाऱ्या बायकांपासून. तिथून आपण सुंदरीपर्यंत आलो. (याला प्रगती म्हणायचं की घसरगुंडी ते तुम्ही ठरवा. विमानात दोन्ही असतात.)

हे सगळं मी इतक्या तावातावाने लिहितोय याचं कारण माझी मामेबहीण. ती एका भारतीय विमान कंपनीत केबिन क्रू आहे. नाव सांगत नाही, कारण तिची नोकरी मला प्रिय आहे. सांगलीजवळच्या गावातली मुलगी, हिंदी आणि इंग्रजी कॉलेजात कमावलेलं. नोकरीआधी एका एव्हिएशन अकॅडमीत मामाने बरेच पैसे ओतले. तिथे काय शिकवलं? अंबाडा कसा घालायचा, लिपस्टिकची कुठली छटा चालते, 'व' आणि 'डब्ल्यू' यातला फरक, आणि मराठी उच्चार कसे घालवायचे. शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. ज्या देशात प्रवासी बावीस भाषा बोलतात तिथे भाषेचं प्रशिक्षण म्हणजे स्वतःची भाषा ऐकू येणार नाही याची काळजी घेणं!

मग कंपनीचं स्वतःचं ट्रेनिंग. ते मात्र गंभीर असतं, हे कबूल केलं पाहिजे. आग, धूर, पाण्यात उतरणं, दरवाजे, स्लाइड, सीपीआर, बाळंतपण सुद्धा. बाहेरून 'ट्रॉली ढकलणारी मुलगी' दिसते तिला प्रत्यक्षात काय काय येतं हे पाहून मी गार पडलो होतो. पण त्या सगळ्या ट्रेनिंगमध्ये हिंदी-इंग्रजी सोडून तिसऱ्या भाषेचा एक तास नव्हता. एकही नाही. 'छातीत दुखत असेल तर काय करायचं' हे तिला पाठ आहे. समोरचा 'छातीत दुखतंय' हे कुठल्या शब्दांत सांगेल, ते मात्र कुणी शिकवलं नाही.

तिची ड्यूटी बऱ्याचदा हैदराबाद, विजयवाडा, विशाखापट्टणम अशी लागते. सहा महिन्यांनी तिने स्वतःच तेलुगू शिकायला घेतलं. हैदराबादच्या रूममेटकडून, सुट्टीच्या दिवशी, शंभरपानी वहीत. दिवाळीत ती वही मी मागून घेऊन वाचली. पहिलं पान विनोदी आहे. दारात उभं राहून प्रत्येक येणाऱ्याला तेलुगूत 'या' म्हणायचं, आदराने, तर शब्द आहे 'रंडि'. मराठी-हिंदी कानाला ते कसं ऐकू येतं ते इथे टंकायची गरज नाही. ती म्हणाली, "दादा, पहिले चार दिवस मी नुसतं नमस्कारम् म्हणून दात काढत होते, तो शब्द तोंडातून निघेचना." :)

पुढची पानं मात्र विनोदी नाहीत. नीळ्ळु म्हणजे पाणी, कूर्चोंडि म्हणजे बसा, इथपर्यंत कुठल्याही पुस्तकात मिळेल. तिच्या वहीत तिसऱ्या पानापासून दुखणी सुरू होतात. 'गुंडे नोप्पि', छातीत, हृदयाशी दुखणं. हिंदीवाल्या क्रूला यात फक्त गुंडे ऐकू येतील. 'ऊपिरि आडटं लेदु', श्वास घेता येत नाहीये. आणि माझं सगळ्यात आवडतं, 'कळ्ळु तिरुगुतुन्नायि'. शब्दशः अर्थ डोळे फिरतायत. तेलुगूत याचा अर्थ चक्कर येतेय. मराठीत डोळे फिरले म्हणजे एकतर माणूस माजला किंवा चालला. आता विचार करा, शब्द कळले आणि भाषा कळली नाही तर काय होईल. शब्दकोश घेऊन बसणारी मुलगी त्या माणसाच्या डोळ्यांत बघत बसेल आणि तो तोपर्यंत आडवा होईल.

उलट बाजूने आपलं मराठी घ्या. आपल्या विमानांत ईशान्य भारतातल्या खूप मुली हे काम करतात. पुणे, नागपूर, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) मार्गावर त्यांना आपल्या आयांचं काय ऐकावं लागतं? घेरी आली. भोवळ आली. ढवळतंय. धाप लागली. जीव घाबरा झालाय. छातीत कळ येतेय. हाताला मुंग्या आल्यात. आणि या सगळ्यांच्या वर विराजमान असलेलं 'पित्त झालंय'. आपल्याकडे हार्ट अटॅकलाही पहिला अर्धा तास पित्तच म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, इंफाळच्या मुलीला कुठून माहीत असणार? आणि 'कसंतरीच होतंय' याचं भाषांतर मला स्वतःला करता येत नाही. पण मराठी घरात वाढलेल्या माणसाला ते ऐकून पोटात गोळा येतो, कारण आई हे वाक्य उगाच म्हणत नाही.

ही यादी किती शब्दांची होईल? मी बसून केली. आजार, भीती, हरवलेलं मूल, 'हे औषध फ्रीजमध्ये ठेवा', 'मला साखर आहे' (डायबिटीस! चहात घालायची नव्हे), 'इकडे या', 'सामान सोडा', 'वाका', 'उडी मारा'. दोन-अडीचशे शब्द आणि वाक्प्रयोग. वादविवाद स्पर्धा जिंकायची नाहीये. तेवढं ऐकून ओळखता आलं आणि त्यातलं थोडंसं बोलता आलं, की झालं.

आता आपल्याकडे वळतो. म्हणजे तुमच्या-माझ्या धंद्याकडे.

मी कंपनीत जपानी शिकलो. पुण्यात असा मनुष्य दर चार टेबलांमागे एक सापडतो, त्यामुळे यात कौतुक काही नाही. पण कसा शिकलो ते ऐका. ऑफिसच्या वेळात क्लास, चारला लॅपटॉप बंद करून. शिकवायला बाई कंपनीतच यायच्या. जेएलपीटीची फी कंपनीने भरली. पास झाल्यावर दर महिन्याला भत्ता सुरू झाला. आणि हे सगळं कशासाठी? जपानी क्लायंटने पाठवलेला बग रिपोर्ट नीट समजावा म्हणून. मला 'दाइज्योबु देसु' याचा अर्थ प्रसंगानुसार 'ठीक आहे' असाही होतो आणि 'नको' असाही होतो, हे शिकवायला कंपनीने पैसे मोजले, कारण एकदा ते चुकीचं समजलं की इन्व्हॉइस अडकतं. आमच्या मॉड्यूलमधल्या बगने आजवर एकही माणूस गुदमरलेला नाही.

आणि जिच्या हातात दरवाजा आहे, ऑक्सिजनची बाटली आहे, एकेका विमानात दीड-पावणेदोनशे माणसांमागे चौघींपैकी जी एक आहे, ती भाषा शिकते सुट्टीच्या दिवशी, रूममेटच्या उपकारावर, शंभरपानी वहीत. भत्ता शून्य. हा न्याय कुठल्या हिशोबाने लावलाय? मला एकच हिशोब दिसतो. आमचं जपानी बिल करता येतं, तिचं तेलुगू बिल करता येत नाही. आणि थोडं खोलवर बघितलं तर आणखी एक. इंजिनिअरने भाषा शिकली की ते 'स्किल', बाईने शिकली की तो 'स्वभाव'. किती गोड मुलगी आहे हो, आमच्याशी तेलुगूत बोलली!

नेहमीचे आक्षेप येतीलच, त्यांची आधीच वासलात लावतो.

पहिला म्हणजे 'विमान वाहतुकीची भाषा इंग्रजी आहे'. अर्धवट माहिती. इंग्रजीचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत ते पायलट आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यासाठी. आणि ते कसे आले ते मुद्दाम बघा. १९७७ साली टेनेरिफला दोन जंबो जेट धावपट्टीवर आदळून ५८३ माणसं मेली, रेडिओवरच्या संदिग्ध वाक्यांचा त्यात मोठा हात होता. १९९६ साली आपल्या हरयाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानं हवेत धडकली, ३४९ माणसं गेली, आणि कझाक पायलटांचं तोकडं इंग्रजी हा चौकशीतला एक मुद्दा होता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, काय केलं? 'अॅप वापरा' म्हणाले नाहीत. सहा पातळ्यांचं मोजमाप बनवलं, किमान चौथी पातळी हवी असं ठरवलं, परीक्षा लावली आणि वरची पातळी नसेल तर ठराविक वर्षांनी ती पुन्हा द्यायची असंही सांगितलं. मार्च २००८ पासून ते लागू झालं. त्या परीक्षेत बोलण्याइतकंच ऐकून समजणं मोजतात, उच्चार आणि व्याकरण यांच्या जोडीला. म्हणजे 'कामापुरती भाषा कशी शिकवायची आणि कशी तपासायची' हा प्रश्न या उद्योगाने सोडवून ठेवलेला आहे. फक्त कॉकपिटच्या दाराच्या अलीकडे. पलीकडे पडद्यामागे चहा ओतणाऱ्या मुलीपर्यंत तो पोचला नाही, कारण तिकडे चूक झाली तर एक म्हातारी मरते, विमान पडत नाही.

दुसरा आक्षेप, अर्थातच, 'आता एआय आहे की'. आमच्या कंपनीतल्या पोरांचा हा आवडता. फोन पुढे करायचा, बोला म्हणायचं, भाषांतर हजर. जेवणात काय हवं हे विचारायला चालेलही. पण २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर काय झालं ते आठवा. उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान तटरक्षक दलाच्या विमानाला धडकलं आणि पेटलं. तटरक्षकांच्या विमानातल्या सहापैकी पाच जण गेले. पण जळणाऱ्या मोठ्या विमानातली सगळीच्या सगळी ३७९ माणसं बाहेर पडली. आठपैकी तीनच दरवाजे वापरता आले. आतली घोषणा यंत्रणा बंद पडली होती. क्रूने मेगाफोन घेतले, आणि नुसते घसे वापरले. म्हणजे ज्याच्यावर आपण इतके भांडतो ती रेकॉर्ड केलेली घोषणा, मराठी असो, जपानी असो, नेमकी तेव्हा मेलेली होती. उरला होता तो बाईचा आवाज आणि तिला येणारी भाषा. धूर भरलेल्या केबिनमध्ये फोन अनलॉक करून 'तेलुगू' निवडायचं का? विमानाला मान्यता देतानाची अट अशी असते की भरलेलं विमान अर्ध्या दरवाज्यांतून नव्वद सेकंदांत रिकामं करून दाखवायचं. नव्वद सेकंदांत आमचं व्हीपीएनही कनेक्ट होत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात सभ्य आहे आणि मॅनेजर लोक तो करतात: 'हे व्यवहार्य नाही. इतक्या भाषा, इतके मार्ग, कुठल्या फ्लाइटला कुठली भाषा येणारी क्रू द्यायची हे जुळवणार कसं?' इथे मात्र मला हसू येतं, कारण हा आमचा प्रांत आहे. क्रूचं रोस्टर हाताने कुणी बनवत नाही. ड्यूटीचे तास, सक्तीची विश्रांती, कुणाचा बेस कुठे, कुणाला कुठल्या प्रकारच्या विमानाची मान्यता, रजा, आजारपण, हे सगळं धरून हजारो माणसं हजारो उड्डाणांवर बसवायची, हा ऑप्टिमायझेशनचा जुना, नावाजलेला प्रश्न आहे आणि विमान कंपन्या त्यासाठी कित्येक दशकं सॉफ्टवेअर वापरतायत. त्यात 'चौघींत निदान एकीला या दोन शहरांपैकी एकाची भाषा यावी' ही आणखी एक अट. कडक अट घालायची नसेल तर सॉफ्ट ठेवा, जमेल तिथे पाळा, मोडली तर दंड लावा, म्हणजे सॉल्व्हर आपोआप ती टाळायला बघेल. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या परदेशी मार्गांवर त्या त्या भाषेची परीक्षा दिलेले क्रू ठरवून पाठवतात आणि त्याचे तासामागे जादा पैसेही देतात. म्हणजे गणित सुटतं. सोडवायचं असेल तर.

कॅनडाचं उदाहरण तर आपल्या सगळ्यांच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकायला हवं. एअर कॅनडा सरकारी होती तेव्हा तिला इंग्रजी-फ्रेंच दोन्हीत सेवा देणं कायद्याने बंधनकारक होतं. १९८८ नंतर खाजगीकरण झालं, पण कायद्यात लिहून ठेवलं की कंपनी विकली तरी हे बंधन विकलेलं नाही. मग २००९ मधल्या काही फ्लाइट्सवर फ्रेंचमधून सेवा मिळाली नाही म्हणून एक प्रवासी कोर्टात गेला. त्यातल्या एका वेळी त्याने फ्रेंचमध्ये सेव्हन-अप मागितलं होतं आणि आलं होतं स्प्राइट. हसू नका, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१४ च्या निकालात आंतरराष्ट्रीय करारामुळे त्याला भरपाई मिळाली नाही, पण हक्काचा भंग झाला हे कुणी नाकारलं नाही. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख मायकेल रूसो यांनी माँट्रियलमध्ये जवळपास सगळं भाषण इंग्रजीत केलं, आणि चौदा वर्षं या शहरात फ्रेंच न शिकता राहिलो असं वर पत्रकारांना सांगितलं. असा काही भडका उडाला की दुसऱ्याच दिवशी माफी मागून फ्रेंच शिकण्याचं वचन द्यावं लागलं.

मला त्यातली एकच गोष्ट उचलायची आहे. तिथे ओरडा झाला तो साहेबावर. आपल्याकडे असा ओरडा झाला की तो दारात उभ्या असलेल्या, पंचवीस हजारांची ईएमआय फेडणाऱ्या तेवीस वर्षांच्या मुलीवर होतो. 'मराठी येत नाही? महाराष्ट्रात नोकरी करता ना?' असं तिचा व्हिडिओ काढत विचारणारे शूरवीर आपण पाहिलेत. त्या शूरवीरांना माझा सवाल: तिला शिकवायचं कुणी? तिच्या रोस्टरमध्ये तास कुठे आहे? प्रश्न विचारायचा तर तिच्या ट्रेनिंग विभागाला विचारा, फोन जरा वर धरून.

आणि आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. आपल्यातले कितीजण आई-बाबांना अमेरिकेला बोलावताना व्हीलचेअर बुक करतात? चालता येतं दोघांना, पर्वती चढतात रोज. पण व्हीलचेअर घेतली की सोबत एक माणूस मिळतो, मग फ्रँकफर्टला गेट शोधायला नको, कुणाशी इंग्रजी बोलायला नको. आपण भाषेच्या प्रश्नावर पायाचं औषध काढलंय. विमानतळावर ते चालतं. आत बसल्यावर पुढचे आठ-नऊ तास व्हीलचेअर नसते, आणि बाळंतपणाला निघालेली आई 'उगाच कशाला कुणाला त्रास' म्हणून पाणीही मागत नाही. तिला पाय सुजले तर ते कुणाला सांगणार?

माझी मागणी साधी आहे. दरवर्षी क्रूचं सुरक्षेचं उजळणी ट्रेनिंग होतंच. त्यात प्रत्येकीला, प्रत्येकाला, आपल्या नेहमीच्या मार्गांवरची एक जास्तीची भाषा. दोन-अडीचशे शब्द. शिकायचे कंपनीच्या वेळेत, परीक्षा ऐकण्याची, म्हणजे 'घेरी आली' ऐकवायचं आणि काय कराल विचारायचं. पास झाल्यावर भत्ता, आमच्या जपानीसारखाच. आणि दुर्गम भाषा असेल तर जास्त.

मामेबहिणीला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भत्त्याचं राहू दे दादा, आधी नोंद तरी होऊ दे." म्हणजे काय, तर मागे एकदा शेजारच्या फ्लाइटची क्रू तिला गेटवरून ओढत घेऊन गेली होती, एका तेलुगू आजोबांना नेमकं काय होतंय ते विचारायला. तिने विचारलं, कळलं, आजोबांना उतरवून दवाखान्यात नेलं, विमान वीस मिनिटं उशिरा सुटलं. रिपोर्टमध्ये वीस मिनिटांचा उशीर आहे. ती नाही. कंपनीच्या पोर्टलवर तिने स्वतःच्या प्रोफाइलमध्ये तेलुगू घालायचा प्रयत्न केला, तर भाषेच्या ड्रॉपडाउनमध्ये हिंदी आहे, इंग्रजी आहे, फ्रेंच, जर्मन, अरबी आणि मँडरिन आहे. तेलुगू नाही. मराठीही नाही. खाली 'इतर' आहे, पण ते निवडलं की लिहायला चौकट उघडत नाही. तिने एचआरला तिकीट टाकलं. सात महिने झाले, स्टेटस 'प्रलंबित' आहे.